पंक्तिप्रपंच

मराठी म्हणींच्या दरबारांत कुत्र्याला न्याय क्वचितच मिळाला आहे. त्याचें शेपूट नळींत घालून पाहण्याचा उद्योग आपण पिढ्यानुपिढ्या चालविला, धोब्याच्या पदरीं राहून तो ना घरचा ना घाटाचा असा शिक्का त्याच्यावर मारला, आणि शेवटीं ‘कुत्र्याला खीर पचत नाहीं’ असें सांगून त्याला पानावरूनच उठविलें. ही शेवटची म्हण माझ्या लहानपणीं वडीलधाऱ्यांच्या तोंडीं फार असे. एखाद्याला अकस्मात् पैसा मिळाला आणि तो जरा ताठ चालूं लागला, कीं ओटीवरच्या मंडळींतून कोणी तरी ती उच्चारी व बाकीचे माना डोलवीत. म्हणींतला कुत्रा म्हणजे माणूस आणि खीर म्हणजे भाग्य, हें सर्वांनाच ठाऊक असल्यामुळें खऱ्या कुत्र्याला खरी खीर पचते कीं नाहीं, याची चौकशी करण्याचें कोणाला कारणच पडलें नाहीं.

ती चौकशी करण्याची पाळी उतारवयांत माझ्यावर आली. म्हण अक्षरशः खरी निघाली. मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांच्या पोटांत दुधांतली साखर पचविण्यापुरता पाचक रस राहत नाहीं, त्यामुळें वाडगाभर खीर त्यांना बाधते. परंतु खिरीनें फार तर पोट बिघडावयाचें. खिरीहून पुष्कळ घातक असा एक गोड पदार्थ गेल्या दोनतीन पिढ्यांत आपल्या घरीं येऊन पाटावर बसला आहे, आणि आतां तर दिवाळीला करंज्या-अनारशांच्या ताटाशेजारीं त्याचेच डबे हारीनें मांडलेले दिसतात. तो पदार्थ म्हणजे चॉकलेट.

ज्या झाडाच्या बियांपासून चॉकलेट होतें त्याला लिनिअसनें १७५३ सालीं ‘थिओब्रोमा’ असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ देवांचें अन्न. पुढें १८४१ सालीं अलेक्झांडर व्होस्क्रेसेन्स्की या रशियन रसायनज्ञानें त्या बियांतून एक कडू द्रव्य वेगळें काढलें, त्याला झाडावरूनच थिओब्रोमिन हें नांव मिळालें. (नांवांत ब्रोमिन ऐकूं येत असलें तरी त्या मूलद्रव्याचा अंशही यांत नाहीं.) चहाकॉफींतल्या कॅफिनचें हें सख्खें भावंड. माणसाच्या शरीरांत गेलेलें थिओब्रोमिन सहा ते दहा तासांत निम्मेंं होतें. कुत्र्याच्या शरीरांत तेवढ्याच कामाला सुमारें साडेसतरा तास लागतात. साऱ्या अनर्थाचें मूळ या फरकांत आहे. आपलें यकृत जें बघतां बघतां निकालांत काढतें, तें बिचाऱ्या कुत्र्याच्या रक्तांत दिवसभर फिरत राहतें. हृदय धांवूं लागतें, उलट्या होतात, जनावर एके ठिकाणीं बसत नाहीं, आणि मात्रा मोठी असेल तर अंगाला कंप सुटून झटके येतात.

मात्रेचें गणित सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे, कारण सगळा घोटाळा मात्रेंतच होतो. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागें सुमारें २० मिलिग्रॅम थिओब्रोमिन पोटांत गेलें कीं त्रास दिसूं लागतो. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयावर परिणाम होतो. ६० च्या पुढें झटक्यांचें भय. दुधाच्या चॉकलेटाच्या एका ग्रॅमांत हें द्रव्य सुमारें दोन मिलिग्रॅम असतें, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला त्रास व्हावयास शंभरेक ग्रॅमांची वडी लागेल. परंतु गडद कडू चॉकलेटांत तें याच्या चौपट किंवा त्याहूनही अधिक असतें, आणि केकांत घालतात त्या कोकोच्या कोरड्या पुडींत तर इतकें, कीं सात-आठ ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा, तेवढेंच काम करतो. ‘आमच्या कुत्र्यानें किती वेळां चॉकलेट खाल्लें, त्याला कांहीं झालें नाहीं,’ असें सांगणारीं माणसें खोटें बोलत नसतात. त्यांनीं दिलेला तुकडा लहान होता, किंवा फिक्या रंगाचा होता, एवढाच त्याचा अर्थ. कांहीं न होण्याची ही संवयच पुढें घात करते.

मांजराची या संकटांतून बरीचशी सुटका निसर्गानें परस्पर केली आहे. मांजराच्या जिभेला गोडी कळतच नाहीं. ती चव ओळखणारें यंत्र त्याच्या वंशांत निकामी झालेलें आहे. कुत्र्याला मात्र गोड कळतें आणि आवडतें. जें बाधतें तें आवडूं नये, एवढी सोय त्याच्यासाठीं कोणी केली नाहीं.

याचें कारण मला असें वाटतें कीं, कुत्र्याला आपल्या पंगतींत बसून किती दिवस झाले आणि चॉकलेटाला किती, याचा हिशेब जमत नाहीं. कुत्रा माणसाजवळ आला त्याला निदान चौदापंधरा हजार वर्षें झालीं. या मुदतींत त्यानें आपल्या अन्नाशीं फार जुळवून घेतलें. २०१३ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, लांडग्यापेक्षां कुत्र्याच्या अंगीं पिठूळ अन्न पचविण्याची शक्ति पुष्कळच अधिक आहे. भाकरीच्या चतकोरावर आपली राखण करणाऱ्या या प्राण्यानें भाकरीसाठीं स्वतःची घडण बदलून घेतली! शेतकरी माणसाशीं एवढी इमानदारी मीं तरी दुसऱ्या प्राण्याची ऐकली नाहीं. परंतु कोकोचें झाड अमेरिकेंतलें. तेथून तें जगाला ठाऊक झालें तें सोळाव्या शतकांत. पंधरा हजार वर्षांच्या सोबतींत हा पाहुणा काल संध्याकाळीं आला म्हणावयाचा. त्याला पचविण्यास कुत्र्याला सवडच मिळाली नाहीं.

हें सर्व ज्ञान मला पुस्तकांच्या हौसेनें झालेलें नाहीं. पुण्यांत आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहतात; सारी इमारत त्यांना माई म्हणते. मुलगा परदेशीं आहे. त्यानें जातांना आईला सोबत म्हणून एक लांब कानांचा, तपकिरी-पांढरा, दहाएक किलो वजनाचा कुत्रा आणून दिला आणि त्याचें नांव ठेवलें कोको. जें पोटांत गेल्यानें जीव जावा त्याचेंच नांव जिवाला देण्याची ही रीति आज घरोघर आहे. बागेंत सकाळीं ‘कोको’ म्हणून हांक मारावी, तर तीन कुत्रे वळून पाहतात.

माई आणि कोको यांचें जेवण एकत्र होई. ताटांतली पोळी मोडली कीं पहिला तुकडा त्याचा. मुलगा वर्षांतून दोनदां चॉकलेटें धाडी. रात्रीं जेवण झाल्यावर माई दुधाच्या चॉकलेटाची एक लहानशी चौकट तोंडांत टाकीत आणि तिचा कोपरा कोकोला देत. तीन वर्षें हा क्रम चालला आणि वर सांगितलेल्या गणितानें त्याला कांहीं झालें नाहीं. मग एका दिवाळींत मुलानें आईच्या मधुमेहाचा विचार करून कमी साखरेचीं, गडद कडू चॉकलेटें धाडलीं. भाऊबीजेच्या दुपारीं माई भावाकडे गेल्या होत्या. तास-दीड तासानें परत येऊन पाहतात, तों पत्र्याचा डबा उपडा पडलेला, सोनेरी कागदांचे तुकडे सर्व घरभर, आणि कोको शेपूट हलवीत दारांत उभा. शंभरेक ग्रॅम तरी पोटांत गेलें असावें. जिन्यावरून त्यांनीं मारलेली हांक अजून माझ्या कानांत आहे.

या विषाला उतारा नाहीं. पशुवैद्यानें सुई टोचून उलटी करविली, कोळशाची काळी भुकटी पाण्यांत कालवून पाजली, शिरेंतून सलाईन सुरू केलें. रात्रीं घरीं सोडतांना त्यानें एक विचित्र गोष्ट सांगितली: कुत्र्याला दर दोन तासांनीं बाहेर फिरवून लघवी करवा, कारण हें द्रव्य मूत्राशयांतून पुन्हा रक्तांत शोषलें जातें. म्हणून त्या रात्रीं माझा मुलगा आणि मी आळीपाळीनें कोकोला घेऊन इमारतीला प्रदक्षिणा घालीत होतों. त्याचें हृदय इतक्या वेगानें उडत होतें, कीं दोरी धरलेल्या हाताला तें कळे. तिसऱ्या दिवशीं तो सांवरला.

सांवरल्या नाहींत त्या माई. त्यांनीं कोकोला स्वतःच्या हातानें खाऊं घालणें सोडलें. दुकानांतून आणलेले कोरडे गोळे भांड्यांत ओतून ठेवीत आणि स्वतः दार लोटून स्वयंपाकघरांत जेवीत. पूर्वीचें पहिल्या तुकड्याचें सुख गेलें. दाराबाहेर कुत्रा बसे, दाराआड माई. दोघांनाही अन्न गोड लागेना. माझ्या पत्नीनें समजूत घालण्याचा यत्न केला तेव्हां त्या म्हणाल्या, ‘‘काय चालतं, काय चालत नाही, मला कळेनासं झालंय. माझ्या हाताचीच भीति वाटते हो.’’

आपल्याकडे पंक्तिप्रपंच हा मोठा दोष मानिला आहे. एका पंगतींत बसलेल्यांपैकीं एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला कोरडा भात, असें वाढणाऱ्याची गणना कोणीही सभ्य माणसांत करीत नाहीं. नामदेवांच्या आख्यायिकेंतला कुत्रा पोळी घेऊन पळाला, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले. त्यांना डांचली ती त्याच्या वांट्याला आलेली कोरडी पोळी. माईंचें दुःख याच जातीचें होतें. आजवर त्या कुत्र्याला आपल्याच पंगतींत वाढीत होत्या; आतां प्रेमानेंच त्यांना पंक्तिप्रपंच करण्यास लावलें. बरें, वेगळें वाढावें तर तें डोळ्यांना वेगळें दिसतें आणि मनाला खुपतें. दिसेल सारखें, असेल वेगळें, असें कांहीं सांपडलें तरच या घराचें दार उघडणार होतें. त्या शोधांत कॅरोबची गांठ पडली.

कॅरोबचें झाड भूमध्य समुद्राच्या कांठचें. कुळानें तें शेंगांच्या जातीचें, म्हणजे आपल्या चिंचेचें दूरचें आप्त. बारमाही हिरवें, खडकाळ कोरड्या जमिनींतही तग धरणारें. आपल्याकडे तें फारसें लावीत नाहींत, त्यामुळें त्याला रुळलेलें मराठी नांव नाहीं. तरी त्याच्या बियांपासून काढलेला डिंक आइस्क्रीम दाट करण्यासाठीं वापरतात, तेव्हां वाचकांपैकीं पुष्कळांनीं न कळत तें चाखलेलें असेल. फणस आणि उंबर यांच्याप्रमाणें हें झाड जुन्या खोडाफांद्यांवरच फुलतें. गंमत अशी कीं कोकोचें झाडही तसेंच खोडावर फुलतें. झाडांत नातें नाहीं, रीत मात्र एक. कॅरोबच्या पिकलेल्या शेंगा तपकिरी, चामड्यासारख्या, आणि गोड. त्यांच्या गरांत चाळीस-पन्नास टक्के साखरच असते. त्या दिशेकडचे शेतकरी त्या गुरांना व डुकरांना घालीत आले आहेत. बायबलांतल्या उधळ्या पुत्राला भुकेनें ज्या शेंगांचा मोह पडला, त्या याच असाव्यात असें पुष्कळ अभ्यासक मानतात.

रत्नें तोलण्याचा ‘कॅरट’ हा शब्दही याच्याच बीवरून आला. आपल्या सोनारांची गुंज ती तिकडची ही बी. ही बी वजनाला हटकून सारखी असते, अशी जुनी समजूत. पण २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत ती टिकली नाहीं, इतर झाडांच्या बियांइतकीच ही लहानमोठी भरली. आजचा कॅरट नेमका २०० मिलिग्रॅमांचा ठरविलेला आहे. वरच्या गणितांत दहा किलोच्या कुत्र्याला बाधा सुरू होण्याचें प्रमाणही २०० मिलिग्रॅमच येतें. जवाहिऱ्याच्या तराजूंतला एक कॅरट.

त्या शेंगांतल्या बिया काढून, गर भाजून दळला, कीं जी तांबूस-तपकिरी पूड होते ती दिसण्यांत कोकोचीच बहीण. तिच्यांत थिओब्रोमिनही नाहीं आणि कॅफिनही नाहीं. चव? येथें मात्र प्रामाणिकपणें बोललें पाहिजे. १९७० च्या सुमारास अमेरिकेंतल्या आरोग्यवादी मंडळींनीं हीच पूड चॉकलेटाच्या ऐवजीं मुलांना खाऊं घातली आणि त्या पिढीनें तिचें नांव अजून क्षमेनें घेतलेलें नाहीं. चॉकलेटाची सारी मौज त्यांतल्या कोकोच्या लोण्यांत आहे. तें अंगाच्या उष्णतेहून किंचित् कमी उष्णतेलाच वितळतें, म्हणून वडी जिभेवर ठेवतांच विरते. कॅरोबच्या पुडींत स्निग्धपणा जवळजवळ नाहीं. ती खारकेच्या पुडीसारखी लागते, मागून थोडी तुरट. माणसाला चॉकलेट म्हणून दिली तर ती फसवणूक. कुत्र्याला दिली तर काय, हा प्रश्न माझ्या नातीनें पुढें काढला, तो येईलच.

पूड मिळाली, आतां करावयाचें कसें? मोठ्या शहरांत परदेशी जिन्नसांच्या दुकानीं कॅरोबच्या तयार वड्याही मिळतात. त्यांकडे मी वळलों नाहीं. त्यांत साखर व चरबी असते, आणि कांहीं बिनसाखरेच्या मालांत झायलिटॉल नांवाचें गोड द्रव्य घालतात. माणसाला तें निरुपद्रवी. कुत्र्याच्या रक्तांतली साखर मात्र तें तासाभराच्या आंत इतकी खालीं आणतें कीं चॉकलेट परवडलें. शेंगदाण्याच्या तयार लोण्यांतही कधीं कधीं तें असतें, म्हणून डब्यावरचीं बारीक अक्षरें चष्मा लावून वाचावीं. मनुका, बेदाणे, कांदा, लसूण हींही वर्ज्य. वर्ज्यांची ही यादी ऐकून आमच्या पत्नी म्हणाल्या, ‘‘एकादशीला सुद्धां याहून जास्त चालतं.’’

मीं ज्वारीचें पीठ दोन वाट्या, कॅरोबची पूड पाव वाटी, शिजवून कुसकरलेला लाल भोपळा अर्धी वाटी आणि एक अंडें असें प्रमाण धरलें. मीठ, साखर, गूळ कांहीं नाहीं; गोडी भोपळ्याची व शेंगेची तेवढी पुरे. पहिला घाणा पोळपाटावर लाटावयास घेतला, तर त्याच्या चिरफळ्या झाल्या. पोळपाट कुत्र्याच्या खाऊसाठीं घेतला म्हणून आधींच रुष्ट झालेल्या पत्नी दारांत उभ्या राहून पाहत होत्या. शेवटीं त्यांच्यानें राहवेना. ‘‘ज्वारीला चिकटा नसतो. उकळतं पाणी घालून मळा, आणि लाटूं नका, थापा,’’ असें म्हणत त्यांनीं परात ओढून घेतली. त्या घटकेपासून या कामांतलें माझें स्थान पूड चाळणाऱ्या गड्याचें आहे. पीठ बोटाच्या पेराएवढें जाड थापून सुरीनें बारीक चौकटी पाडावयाच्या आणि मंद आंचेवर भाजावयाच्या. भट्टींत दीडशें अंशांवर अर्धा तास, मग आंच बंद करून तशाच आंत ठेवून कोरड्या होऊं द्यावयाच्या. आंच वाढविली तर साखरेमुळें कॅरोब लवकर करपतो आणि कडू होतो. आंतून दमट राहिल्या तर पावसाळ्यांत तीन दिवसांत बुरशी धरते. आणि कितीही निर्धोक झाल्या तरी दिवसाच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक त्या देऊं नयेत. कोकोच्या शरीराला दिवसाकांठीं तीनचार चौकटी पुष्कळ झाल्या.

आतां नातीचा प्रश्न. ती आठ वर्षांची आहे आणि तिला न्याय फार लवकर कळतो. पहिला घाणा निवत असतां ती म्हणाली, ‘‘आजोबा, आपण चॉकलेट खायचं आणि त्याला खोटं चॉकलेट द्यायचं, म्हणजे आपण त्याला फसवतों ना?’’

मीं तिला लगेच उत्तर दिलें नाहीं, आणि पुष्कळ दिवस तें मला सुचलेंही नाहीं. ज्याचें नाक आपल्या नाकाहून हजारों पटींनीं तीव्र, त्याला शेंगेची पूड आणि कोको यांतला भेद कळत नसेल, हें अशक्य. चौकट हातांत घेतल्याबरोबर कोकोला ठाऊक असतें कीं हें तें नव्हे. तो त्याची तक्रार करीत नाहीं, कारण त्याला चॉकलेट कधीं हवेंच नव्हतें. माईंच्या हातांतलें काय तें हवें होतें. त्या तपकिरी रंगाची, त्या चौकटीच्या आकाराची गरज असेल तर ती आपल्याला, वाढणाऱ्यांना. फसवणूक होतच असेल तर ती आपली होते, आणि आपण ती उघड्या डोळ्यांनीं करून घेतों. नातीला मीं एवढेंच सांगितलें कीं, त्याला सगळें कळतं, तूं काळजी करूं नकोस.

पण तिच्या प्रश्नांत एक दुसरी, व्यवहाराची खोंच होती, ती अधिक महत्त्वाची. कुत्र्याला तपकिरी चौकट देतात असें ज्या लहान मुलानें पाहिलें, तें उद्यां आपल्या खिशांतली खरी चौकट तितक्याच प्रेमानें पुढें करील. कांहीं जाणत्यांचें म्हणणें असें कीं, म्हणूनच असला सारखेपणा मुळांत करूं नये. कुत्र्याला गाजर द्यावें आणि गप्प बसावें. हें मत मला चुकीचें वाटत नाहीं. ज्या घरीं चारपांच वर्षांचें मूल आहे त्या घरीं मी गाजराच्याच बाजूनें मत देईन. माईंच्या घरीं मूल नाहीं, आणि तेथें गाजरानें दार उघडलें नसतें. तें आम्ही करून पाहिलें होतें. मात्र खबरदारी म्हणून आतां चौकटींऐवजीं चंपाकळीएवढ्या लांबट कांड्या पाडतों, आणि त्यांना चॉकलेट हें नांव आमच्या घरीं कोणी घेत नाहीं. नातीनें त्यांचें नांव ‘शेंगवडी’ ठेविलें आहे. नाताळापासून दिवाळीपर्यंत येणारे खरे डबे आतां माईंच्या कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, कुलपांत असतात.

पहिला डबा वर नेऊन दिला तेव्हां माईंनीं कांडी हातांत धरून मला तीनदां विचारलें, ‘‘नक्की ना?’’ मग खालीं वांकून ती कोकोपुढें केली. त्यानें ती घेतली, जमिनीवर ठेवून एकदां हुंगली, आणि खाल्ली. स्वयंपाकघराचें दार त्या दिवसापासून लोटलेलें नसतें.

अलीकडे एक हिशेब मात्र मला लागत नाहीं. दर घाण्याच्या साठ कांड्या होतात. दिवसाला चार या मानानें डबा पंधरा दिवस पुरला पाहिजे; तो दहाव्या दिवशींच रिकामा होऊन खालीं येतो. कोकोचें वजन पशुवैद्याकडे दरमहा होतें, त्यांत वाढ नाहीं. माईंना विचारलें तर त्या विषय बदलतात. परवां पत्नी वर गेल्या होत्या, त्या सांगत होत्या कीं, रात्रींचें जेवण आटोपल्यावर माई डबा उघडून दोन कांड्या काढीत होत्या.